टर्बोच्या तोंडाशी

एक लिटर पेट्रोल नीट जाळायला साधारण ११ किलो हवा लागते. लिटरात मोजली तर नऊ हजार लिटरच्या वर. पेट्रोलचा दर आपल्याला तोंडपाठ असतो, हवा मात्र फुकट म्हणून तिचा हिशोब कोणी ठेवत नाही. तो ठेवतात गाड्यांचे शौकीन आणि त्यांचे मेकॅनिक. ‘वारा’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा भाईंदरजवळच्या मोरव्याचा एक तिशीतला तरुण आपल्या टर्बो गाडीला नवा ‘इंटेक’ बसवून घ्यायच्या तयारीत होता. इंजिनात शिरणारा वारा कुठून येतो, कसा गाळला जातो आणि त्याची वाट बदलली की काय होतं, हे पाहायला मी त्याच्या अंगणात जाऊन बसलो.

गाडी होती स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस ताकद, पाठीमागून पाहिलं तर चारचौघींसारखी सेडान. मेकॅनिक काशिमीऱ्याहून आलेला, पन्नाशीचा. मालक त्याला मामा म्हणत होता आणि मामा मालकाला भाऊ.

खाऱ्या वाऱ्याचा रस्ता

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोरवा, डोंगरी अशी गावं ओळीने येतात. मिठागरं, खाजण, भाताची खाचरं, मधे आगरी घरं आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या नव्या इमारती. पुढे उत्तनला वलांडीवर बोंबील वाळत असतात आणि चौकला धारावीचा किल्ला आहे. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला. अलीकडे या पट्ट्याचं नाव पेपरात आलं ते मेट्रो ९ च्या कारशेडमुळे. जमिनी जाणार म्हणून राई, मुर्धा, मोरव्याचे गावकरी उभे राहिले आणि कारशेड डोंगरीकडे सरकली.

इंजिनाच्या दृष्टीने हा रस्ता सोपा नाही. महापालिकेच्या कचऱ्याच्या गाड्या याच वाटेने उत्तनच्या धावगी डोंगरावरच्या प्रकल्पाकडे जातात. मासळीचे टेम्पो जातात, रेती-खडीचे डंपर जातात. उन्हाळ्यात बारीक राखाडी धूळ कायम हवेत असते आणि समुद्राकडून येणारा वारा त्यात मीठ मिसळतो. मोरव्याच्या घरांच्या खिडक्यांच्या लोखंडी गजांवर हात फिरवा, गंजाचे पापुद्रे हाताला येतात. परदेशातल्या कोरड्या, धुतलेल्या रस्त्यांवर चाचणी घेतलेला फिल्टर इथे आणून बसवायचा तर या हवेचा विचार आधी करायला हवा. मामांनी तो केला होता. उघड्या कोन फिल्टरचं स्वस्त किट मालकाने आधी पाहून ठेवलं होतं, ते त्यांनी सरळ नाकारलं. “बंद डब्याचं घे, नाहीतर मला बोलावू नको,” असं त्यांनी फोनवरच सांगितलं होतं.

डबा उतरतो

सकाळी गाडी चालवून आणली होती, म्हणून पहिलं काम थांबण्याचं. टर्बो एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो, त्याच्या आसपासचा धातू हात भाजेल इतका तापलेला असतो. तासभर बोनेट उघडं ठेवून चहा झाला. मग मामांनी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढले. कुठली वायर कुठून जाते, कुठल्या क्लिपचं तोंड कुठे आहे, हे बसवताना डोक्यावर सोडायचं नाही, असा त्यांचा नियम. स्क्रू ठेवायला घरातून स्टीलचं ताट मागवलं.

बॅटरीशेजारी काळ्या प्लास्टिकचा मोठा डबा असतो, त्याला एअरबॉक्स म्हणतात. पुढच्या जाळीमागून एक चपटी नळी रेडिएटरच्या वरून त्यात येते आणि बाहेरची थंड हवा आणते. डब्यात घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर. गाळलेली हवा जाड होजमधून इंजिनामागे उतरते आणि टर्बोच्या तोंडाला लागते. स्टार बिटने पुढचे स्क्रू सुटले, नळी निघाली, होजचा क्लॅम्प सैल झाला. डबा तळाला रबरी बुशांवर बसलेला असतो. मामांनी तो दोन्ही हातांनी सरळ वर ओढला आणि तो सुटून वर आला.

डबा हातात येताच, दुसरं काहीही करण्याआधी, त्यांनी स्वच्छ फडक्याचा बोळा करून टर्बोकडे जाणाऱ्या होजच्या तोंडात कोंबला. टर्बोचं कॉम्प्रेसर चाक अॅल्युमिनियमचं, पात्यांच्या कडा पातळ आणि वेग मिनिटाला दीड लाख फेऱ्यांच्याही वर. अशा चाकात एखादा वॉशर गेला तर पाती मोडतात, तुकडे पुढे इंटरकूलरकडे जातात आणि टर्बोचा खर्च लाखाच्या घरात पोहोचतो. फडक्याचा बोळा फुकट असतो.

मग डबा उघडला. धुळीच्या बाजूला वाळलेलं पान, डास, गवताची काडी आणि पिठासारखी मऊ राखाडी माती. फिल्टर उचलून मामांनी पलीकडच्या, इंजिनाच्या बाजूच्या भिंतीवर बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट कोरं होतं. एवढ्या धुळीच्या रस्त्यावर धावलेल्या गाडीत, कागदाच्या एका फिल्टरपलीकडे मातीचा कण नव्हता. कंपनीच्या डब्याला नावं ठेवण्याची शौकिनांमध्ये पद्धत आहे. मला तो डबा त्या क्षणी फार आवडला. त्याच्या तळाला पाणी निथळायला भोक होतं, नळीचं तोंड उंच ठेवलेलं होतं आणि आतल्या वळणांमुळे हवेचा आवाजही दबत होता.

होज काढून त्यांनी टॉर्चच्या उजेडात टर्बोचं तोंड पाहिलं. पात्यांवर तेलाचा पुसट ओलावा होता. इंजिनाच्या ब्रीदर पाइपमधून तेलाची वाफ तिथे येते, तेवढं चालतं. बोटाने दांडा हलवून पाहिला. आडवी किंचित हालचाल असते, पण पुढे-मागे सरकता कामा नये. सरकला नाही. इंटेक बसवायच्या निमित्ताने टर्बोची ही तपासणी होते. हा मला या कामाचा मोठा फायदा वाटतो आणि तो कुठल्याच किटच्या खोक्यावर छापलेला नसतो.

टर्बोला काय हवं असतं

साधं इंजिन पिस्टन खाली गेला की हवा ओढतं. दोन लिटरचं इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर सुमारे ६००० लिटर हवा घेतं. टर्बो ती हवा दाबून भरतो, म्हणजे तेवढ्याच जागेत जवळपास दुप्पट. ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीची, त्याचं पेटंट १९०५ चं. आधी ती जहाजं आणि आगगाड्यांच्या इंजिनांत रुजली, रस्त्यावरच्या मोटारीत आली १९६२ मध्ये, अमेरिकेत.

आता इंटेकचं गणित. बाहेरच्या हवेचा दाब समजा १०० आहे. फिल्टर, डबा आणि नळीतून ओढताना त्यातला थोडा अडतो आणि टर्बोच्या तोंडाशी ९५ उरतो. इंजिनाला २२० हवा असेल तर टर्बोला ९५ वरून २२० पर्यंत जावं लागतं, म्हणजे २.३ पट. वाट मोकळी असती तर २.२ पट पुरलं असतं. फरक छोटा दिसतो, पण जास्त दाबायचं म्हणजे चाक जास्त वेगाने फिरवायचं आणि हवा जास्त तापवायची. ३० अंशांची हवा दुप्पट दाबली की तिचं तापमान शंभरी ओलांडतं. म्हणून पुढे ती थंड करणारा इंटरकूलर असतो. चांगला इंटेक टर्बोचे हे कष्ट थोडे कमी करतो. त्याहून मोठं काही तो करत नाही.

आणि इथेच उघडा कोन फिल्टर फसतो. तो बोनेटखाली, तापलेल्या इंजिनाच्या शेजारी उघडा असतो. भाईंदरच्या गोल्डन नेस्टच्या सिग्नलला दुपारी दहा मिनिटं अडकलात की बोनेटखालची हवा सहज साठ अंशांवर जाते. ३० अंशांच्या हवेपेक्षा ६० अंशांची हवा नऊ टक्के विरळ असते. इंटरकूलर त्यातलं बरंच भरून काढतो, सगळं नाही. हवा गरम असली की पेट्रोल वेळेआधी पेटण्याचा धोका वाढतो, तो टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद घटते. वाट मोकळी झाली, पण वाटेवर गरम हवा आली तर पैसे खर्चून गाडी मंद केल्यासारखं होतं. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, हे कळत नाही, कारण तिथे बोनेट उघडं असतं आणि समोर मोठा पंखा लावलेला असतो. म्हणून इंटेकच्या जाहिरातीतला डायनोचा कागद बघताना बोनेट बंद होतं का, हे विचारावं.

शेंद्रा, रांजणगाव, चाकण

टर्बो पेट्रोलचा हा छंद परदेशी वाटला तरी त्याच्या भारतातल्या गाड्या बऱ्याच अंशी महाराष्ट्रात जुळल्या. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यातून स्कोडाने २००४ मध्ये १.८ लिटर टर्बोची, १५० पीएसची ऑक्टाव्हिया आरएस काढली. आपल्याकडे कंपनीतून टर्बो पेट्रोल मिळू लागलं ते अशा गाड्यांमुळे. मोरव्याच्या अंगणातली गाडी त्याच कुळातली, २०१७ नंतरची. २०१३ मध्ये चाकणहून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली. १.२ लिटर, १०५ पीएस. आकडा मोठा नव्हता, पण मध्यमवर्गीय घरातल्या मुलांच्या हातात टर्बो पेट्रोल आलं ते मुख्यतः याच गाडीने. २०१५ मध्ये रांजणगावहून फियाटने १४५ पीएसची अबार्थ पुंटो काढली. तिचे मालक आजही एकमेकांना सुटे भाग शोधून देतात.

या गाड्यांनी एक पिढी घडवली. रविवारी पहाटे जुन्या घाटाने लोणावळ्याला जाणारी, अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’मध्ये पाव मैलाची वेळ लावून बघणारी. तिथे जाणाऱ्यांच्या बोलण्यात ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’, ‘रिमॅप’, ‘डाउनपाइप’ हे शब्द सहज येतात. मोरव्याच्या मालकाचे वडील मिठागरावर राबलेले आहेत. ते ओट्यावर बसून सगळं पाहत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “जुना डबा खराब झालता का?” मुलगा म्हणाला, “नाही बाबा.” ते पुढे काही बोलले नाहीत, पण त्यांचा प्रश्न योग्यच होता आणि या लेखाचा बराच भाग त्याच्या उत्तरात गेला आहे.

पिठाचा गोळा

नवा डबा बसवताना घाईचं काम एकही नव्हतं. रबरी बुश साबणाच्या पाण्याने ओले केले, तेल लावलं नाही, कारण तेलाने रबर फुगतं. सिलिकॉनचा होज टर्बोच्या बाजूने आधी बसवला आणि क्लॅम्प हाताने आवळून ठेवले. सगळे भाग आपापल्या जागी आल्यावर शेवटी पान्याने घट्ट केले. प्लास्टिकच्या आट्यांवर जोर लावला की त्या जातात, म्हणून तिथे रॅचेट वापरलाच नाही. किटमधले क्लॅम्प मामांनी चुंबक लावून पाहिले. दोन चिकटले, ते बाजूला ठेवले आणि आपल्या पेटीतले स्टेनलेस स्टीलचे काढले. खाऱ्या हवेत साधा क्लॅम्प दोन पावसाळे टिकत नाही, आणि गंजलेला क्लॅम्प सुटतो तोही ऐन जोरात गाडी असताना.

ब्रीदरच्या नळीपाशी ते सगळ्यात जास्त रेंगाळले. तिथे एक बारीक रबरी ओ-रिंग असते. ती दुमडली किंवा ताटातच राहून गेली तर फिल्टरला वळसा घालून न गाळलेली हवा टर्बोत शिरते. हवा मोजणारा सेन्सर ज्या गाड्यांत डब्यालगत असतो, त्यांत अशी चोरवाट पडली की ईसीयूचा हिशोब चुकतो, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. ज्या गाड्या पुढच्या दाबावरून हवेचा अंदाज घेतात, त्यांत दिवाही लागत नाही. धूळ मुकाट्याने आत जात राहते, पात्यांच्या कडा झिजतात, सिलिंडरला चरे पडतात आणि काही महिन्यांनी इंजिन ऑइल प्यायला लागतं. मोरव्याच्या रस्त्यावर हे लवकर घडेल.

नवा डबा जुन्यापेक्षा उंच दिसत होता. बोनेट त्यावर टेकेल का? मामांनी घरात कणकेचा गोळा मागितला. मालकाच्या आईंनी पोळ्यांच्या कणकेतला दिला. तो डब्याच्या सगळ्यात उंच कोपऱ्यावर ठेवला, बोनेट हळूच बंद केलं, उघडलं. गोळा दबून बोटभर जाडीचा उरला होता. म्हणजे मधे तेवढी जागा आहे, इंजिन हललं तरी डबा घासणार नाही.

होजमधलं फडकं काढल्याचं त्यांनी मोठ्याने म्हटलं आणि मालकालाही म्हणायला लावलं. मग ताटात स्क्रू उरला नाही हे पाहिलं. गाडी सुरू झाली. पाच मिनिटं न्यूट्रलला, स्कॅनर लावून. ईसीयू इंधनाचं प्रमाण किती दुरुस्त करतो, हवेचं तापमान किती, एखादा कोड आला का, हे पाहत मामा होजच्या प्रत्येक जोडाशी कान नेत होते.

आवाज आणि आकडा

डोंगरीच्या बाजूला रस्ता मोकळा मिळाल्यावर मालकाने पाय दाबला आणि गाडी बोलायला लागली. टर्बो हवा ओढतो त्याची शीळ, आणि पाय उचलला की डायव्हर्टर व्हॉल्व्ह दाब सोडतो तो ‘फुश्श’. कंपनीचा डबा हे सगळं गिळून टाकत होता. मालकाच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. त्या आनंदाला कमी लेखायचं मला कारण दिसत नाही. गाडीवर प्रेम करणाऱ्याला तिचा आवाज हवा असतो.

पण ताकद? मामा म्हणाले, “आवाज वाढला की माणसाला गाडी पळाल्यासारखी वाटते.” आजच्या टर्बो गाडीत किती दाब द्यायचा हे ईसीयू ठरवतो. टर्बोला हवा सहज मिळाली तर तो ठरलेला दाब थोडा लवकर गाठतो, आणि मग ईसीयू वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, थोडा आधी उघडून तिथेच थांबतो. ठरलेला टॉर्क तेवढाच राहतो. म्हणून कंपनीच्या सेटिंगवरच्या गाडीत नुसत्या इंटेकने मिळतं ते पिकअपमधलं किंचित चापल्य आणि आवाज. रिमॅप करून, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलून, दाब वाढवला, टर्बोमागचा एक्झॉस्टचा डाउनपाइप आणि इंटरकूलर बदलले, की मग जुना डबा खरोखर अडवू लागतो आणि इंटेकचे पैसे वसूल होतात. क्रम उलटा केला तर हाती फक्त आवाज उरतो.

तेल लावलेल्या कापडी फिल्टरबद्दलही एक गोष्ट. ते धुऊन पुन्हा वापरता येतात, अमेरिकेतल्या के अँड एनने १९६९ पासून त्यांना नाव मिळवून दिलं. पण धुतल्यावर तेल जास्त लागलं तर ते सेन्सरच्या तापलेल्या तारेवर जाऊन बसतं, आणि कमी लागलं तर धूळ निसटते. ज्याला हे काम निवांतपणे करायचं नसेल त्याने वेळच्या वेळी कागदाचा फिल्टर बदलावा. या रस्त्यावर तर पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने नोंदवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी मालकाने बदलू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि धुराच्या मर्यादा ओलांडल्या तर कलम १९०(२) वेगळं. पीयूसी निघाली म्हणजे सगळं कायदेशीर झालं, हा समज चुकीचा आहे. ती तपासणी धुराची असते, फेरफारांची नाही.

कंपनीच्याच डब्यात बसणारा दुसऱ्या बनावटीचा चपटा फिल्टर ही एक गोष्ट आणि आख्खा डबा बदलणं ही दुसरी. दुसरी करणाऱ्याने विमा कंपनीला लेखी कळवावं. इंजिनाच्या दाव्याच्या वेळी बोनेट उघडणारा सर्व्हेअर आधी तेच बघतो. माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या गाडीत धूर शुद्ध करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरला हात लावणं चूकच आहे, कारण तो धूर सगळ्यांच्या छातीत जातो. इंटेक त्या तोडीचा गुन्हा नाही, पण बिनबोभाट बसवायची गोष्टही नाही.

जून आला की

काही किटांत हवा घेणारी नळी खाली, बंपरच्या मागे नेलेली असते. तिथे हवा थंड असते खरी, पण मुंबईच्या पावसात तिथे पाणीही असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा किती इंजिनं पाणी पिऊन गेली हे त्या काळच्या गॅरेजवाल्यांना विचारा. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं की वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून बाजूला घ्या, टो करा, आधी डबा उघडून फिल्टर ओला आहे का पाहा.

मोरव्याच्या मालकाचं आणि मामांचं ठरलं आहे: मे अखेरीस नवा डबा उतरवायचा, कंपनीचा चढवायचा, आणि दसऱ्यानंतर पुन्हा अदलाबदल. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प एकदा तपासायचे. रिमॅपचा विचार पुढच्या वर्षी, इंटरकूलर झाल्यावर.

तुमच्याकडे साधी, कंपनीच्या सेटिंगवरची टर्बो गाडी असेल आणि रोज कामावर जायचं असेल, तर नवा कागदी फिल्टर आणि घट्ट क्लॅम्प एवढंच पुरेसं आहे. शौक असेल तर बंद डब्याचं किट घ्या, आधी रिमॅपचा विचार करा, आणि मेकॅनिक होजच्या तोंडात फडकं घालतो का ते उभं राहून पाहा. आणि काहीही बसवलं तरी कंपनीचा जुना डबा, त्याचे स्क्रू आणि रबरी बुश भंगारात देऊ नका. पावसाळ्यात, विक्रीच्या वेळी आणि आरटीओच्या दारात तोच लागतो.